न चाललेलं नाणं

पंचनाम्यात चार शब्द आहेत:
"तांब्याचे तुकडे, सतरा. निरुपयोगी."
माहीमला, कोळीवाड्यामागे, गटाराचं चेंबर खणताना निघाले.
मुकादमाने तंबाखूच्या डबीत भरले,
पोलिसाने डबीला दोरा गुंडाळून लाख लावली
आणि फोर्टातल्या आमच्या कचेरीत
सह्या घेऊन ठेवून गेला.

आठवडाभर बशीत भिजत पडलेत.
पाणी रोज बदलते. रोज हिरवं.
लाकडी काडीच्या टोकाने माती उकलते,
तापातल्या मुलाचे डोळे पुसावेत तशी.
पाचव्या दिवशी एका अक्षराची मान वर आली,
मग दुसऱ्याची.
वाचता आलं ते इतकंच: सुलतानाचं अर्धं नाव.
बहामनी. म्हणजे बिदरकडचं.

बिदर ते माहीम.
नाणं एकटं एवढं चालत नाही.
कुणीतरी कमरेच्या कशात बांधून घाट उतरवलं.

आपली भाषा बघा:
फौज चालून येते.
नाणं चालतं.
माणूस चालतो, टाचांना भेगा पडेपर्यंत.
एकच क्रियापद तिघांना पुरतं,
आणि खाडीशी पोचल्यावर
तिघांतलं एक अडकतं,
कारण इथल्या बाजारात
दुसऱ्याच सुलतानाचं नाव चालायचं.

मी त्या शिपायाला सिदराम म्हणते.
नाव खोटं आहे. भूक खरी असणार.
टोपलीसमोर उकिडवा बसून त्याने बोंबील मागितले असतील
बोटांनीच, कारण बोली लागत नव्हती,
आणि तिने नाणं उलटंपालटं करून, दातांत धरून,
परत त्याच्या तळहातावर ठेवलं असेल:
"ह्या आमच्यात नाय चालाचा."

(चालून आलेला माणूस विकत कशाला घेईल?
हिसकावलेही असतील.
तेही टिपून ठेवते. पेन्सिलीने.)

दुपारी धोंडीराम निकम चहा घेऊन वर येतात.
दारावर पहारा करतात; त्याआधी चोवीस वर्षं पलटणीत.
भिंग त्यांच्या हातात देते.
बराच वेळ बघतात.
वाटतं, आता किंमत विचारतील. सगळेच विचारतात.
"पगार पुरता मिळाला होता का त्याला?"
मग, बोटांनी मोजत,
"सतरा शिल्लक. म्हणजे खर्चलाच नाही गडी."

"चालत नव्हती ना इथे," मी म्हणते.
"मग टाकली का नाहीत?"

पाकिटातून, विम्याच्या पावतीमागून,
ते एक नाणं काढतात. लेबनॉनचं. वर देवदार.
शांतिसेनेत होते सहा महिने,
निघताना हे खर्चायचं राहिलं.
"गावात दुकानदाराच्या पोराला दिलं, गमतीने.
म्हणालं, आबा, हे बटण कशाचं?"
हसत नाहीत.
"तिकडचं इकडे आणलं, ती आठवण.
इकडचं तिकडे जपून ठेवतो, ते वेगळं.
ते परत आल्यावर लागतं.
फाट्यावर उतरलं की घरापर्यंत जायला."

कप उचलून जिना उतरतात. गुडघा वाजतो.

रजिस्टरला रकाने आहेत: धातू, वजन, व्यास, स्थिती.
सोळा नाण्यांची स्थिती उत्तम.
अक्षरांचे कोपरे अजून बोटाला टोचतात,
बाजाराने त्यांना हातच लावला नाही.
सतरावं एका बाजूने गुळगुळीत,
दुसरीकडे ठसठशीत.
बाजार दोन्ही बाजू झिजवतो.
एकच बाजू झिजवतो तो अंगठा.

त्यावर माझा ठेवून पाहते.
त्याचा रुंद होता.
हातमोजा घालायला हवा होता, नियम आहे.

पाच वाजता बशीतलं पाणी ओतते,
हिरवं, तळाशी चिमूटभर रेती.
ही मोरी पुढे कुठे जाऊन मिळते,
एकदा महापालिकेत विचारलं पाहिजे.